दिवा वीज खातो का?

आपल्या बोलीत वीज नेहमी येते आणि जाते. लाइट आली, लाइट गेली असे आपण म्हणतो. जुना बल्ब फार करंट खातो, इस्त्री वीज ओढते, मीटर पळतो, महिन्याला इतके युनिट पडतात. ही सारी क्रियापदे खाण्यापिण्याची आणि ये-जा करण्याची आहेत. व्यवहाराला ती पुरतात, म्हणून त्यांच्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. पण हीच बोली वर्गात फळ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या हाती खडू आला, की मुलांच्या डोक्यात एक वेगळेच विज्ञान तयार होते. ते पुस्तकात नसते, तरी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. आम्ही पंचवीस वर्षे प्रयोगाचे साहित्य घेऊन कोकणातल्या शाळाशाळांतून हिंडलो. त्या हिंडण्यातून वीज आणि चुंबक या दोन विषयांबद्दल जे ध्यानात आले, ते येथे मांडत आहोत.

आमचे गाव जयगड. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे किल्ला, पलीकडे दीपगृह, खाली बंदर आणि तवसाळला नेणारी फेरीबोट. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात रॉकेलचे कंदील होते. मगरिबच्या आधी काचा राखेने घासून ठेवणे हे पोरींचे काम असे. आज त्याच जयगडात १२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. ३०० मेगावॉटचे चार संच २०१० आणि २०११ या दोन वर्षांत सुरू झाले. कोळसा समुद्रमार्गे येतो आणि तयार झालेली वीज ४०० किलोव्होल्टच्या तारांवरून घाट चढून कोयना आणि कऱ्हाडकडे जाते. या प्रकल्पाबद्दल गावात बरेवाईट खूप बोलले गेले, तो विषय निराळा. आम्हाला वाटत असे, की ज्या मुलांच्या डोक्यावरून या तारा जातात त्यांना वीज म्हणजे काय हे इतरांपेक्षा चांगले कळत असेल. तसे काही झालेले नाही. जनित्रात एक प्रचंड विद्युतचुंबक मिनिटाला ३००० फेरे फिरतो आणि त्याच्या भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते, म्हणजे दहावीचा सबंध धडा गावाच्या वेशीवर रात्रंदिवस चालू आहे. पण धडा आणि वेस यांची गाठ कोणी घालून दिलेली नाही.

एकदा शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही एक साधे कोडे ठेवले. टॉर्चचा एक सेल, टॉर्चचाच एक छोटा बल्ब आणि वीतभर वायरचा एकच तुकडा. एवढ्यावर बल्ब पेटवून दाखवायचा. जमलेले सगळे विज्ञान शिकवणारे होते, काहींच्या नावापुढे भौतिकशास्त्राची पदवी होती. पहिल्या पाच मिनिटांत निम्म्याहून अधिक लोकांनी बल्बाचे बूड सेलच्या टोकावर ठेवले, वायर बल्बाच्या त्याच बुडाला किंवा सेलच्या दुसऱ्या टोकाला लावून पाहिली, आणि "सेल उतरलेला दिसतो" म्हणून बाजूला सारले. बल्बाला दोन टोके असतात, एक बुडाशी आणि दुसरे बाजूच्या धातूच्या टोपणाला, हे तिथल्या तिथे बल्ब हातात फिरवून पाहण्यासारखे होते. पण बल्ब हातात घेऊन पाहण्याची सवयच नव्हती. फळ्यावरच्या आकृतीत बल्ब म्हणजे एक गोल आणि त्यात फुली.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९९०च्या दशकात एका माहितीपटासाठी एमआयटीसारख्या नामांकित संस्थेतून नुकतेच पदवीधर झालेल्या तरुणांना हेच कोडे घातले होते. अंगात पदवीदानाचे झगे होते, तरी अनेकांना बल्ब पेटवता आला नाही. इस्राएलमधल्या अभ्यासकांनी १९८३ साली विद्यार्थ्यांबरोबर भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचीही चाचणी घेतली. सेल किंवा बॅटरी ही ठराविक धारा पुरवणारी वस्तू आहे, तिला काहीही जोडा, धारा तेवढीच, हा समज मुलांप्रमाणे काही शिक्षकांतही आढळला. आपल्याकडे मुंबईत १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही मुले चुकतात ती कशी चुकतात याचा अभ्यास केला. केंद्राच्या पहिल्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत झाले. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हाच मुलांपुढचा मोठा अडसर असतो, हे प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी तेव्हापासून मांडले.

भाषेचा मुद्दा आम्हा मंडळींना दुप्पट लागू पडतो. आमच्याकडची काही मुले मराठी माध्यमात जातात, काही उर्दू माध्यमात. बालभारती दोन्ही भाषांत पुस्तके काढते. एकाच घरात थोरल्याच्या पुस्तकात विद्युतधारा आणि चुंबक, धाकटीच्या पुस्तकात बर्की रौ आणि मक्नातीस. थोरला ज्याला रोध म्हणतो त्याला धाकटी मुजाहमत म्हणते. घरातला बाप आखातात वायरमन, तो करंट आणि रेझिस्टन्स म्हणतो. तिघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, पण एकमेकांची वही तपासू शकत नाहीत. गंमत अशी की रौ म्हणजे ओघ आणि धारा म्हणजेही ओघ. दोन्ही शब्द चांगले आहेत. ओघ वाहतो, तो कोणाच्या पोटात जात नाही. शब्दाकडे नीट पाहिले असते तर अर्धा घोटाळा तिथेच मिटला असता.

घोटाळा असा, की धारा सेलमधून निघते, बल्बात थोडी संपते आणि उरलेली परत येते. शंभर जणांना विचारा, बहुतेक हेच सांगतील. दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले तर पहिला जास्त उजळेल आणि दुसऱ्याला उरलेसुरले मिळेल, असे अनेक शिक्षकही म्हणतात. काही जण म्हणतात, सेलच्या दोन्ही टोकांतून धारा निघते आणि बल्बात त्यांची टक्कर होऊन प्रकाश पडतो. प्रत्यक्षात दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. किंचित फरक दिसलाच तर बल्बांची अदलाबदल करावी, फरक बल्बाबरोबर जातो. बल्बाच्या आधी अमीटर लावा किंवा नंतर लावा, काटा एकाच आकड्यावर थांबतो. धारा खर्च होत नाही. खर्च होते ती ऊर्जा, आणि बिलावरचे युनिट हे ऊर्जेचे माप आहे.

हे समजावायला आम्ही वाडीतला रहाट वापरत असू. नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीवर रहाट असे, त्यावर लोट्यांची माळ. बैल चालू लागला की वरची लोटी आणि तळाची लोटी एकाच क्षणी हलते. वरची लोटी खाली जाऊन निरोप देईल आणि मग तळाची हलेल, असे होत नाही, कारण माळ आधीपासून सलग भरलेली आहे. तार तशीच आधीपासून इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. बटण दाबताच सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच सरकू लागतात. सरकण्याचा त्यांचा स्वतःचा वेग मात्र घरगुती तारेत सेकंदाला मिलिमीटरच्या काही अंशाएवढाच असतो. आपल्या घरातल्या विजेत तर ते सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतात, कुठे जातच नाहीत. "आपल्या जयगडची वीज कऱ्हाडला पोचायला किती वेळ लागतो?" असे मुले विचारतात तेव्हा "इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात" हे उत्तर सर्रास मिळते. धावतो तो धक्का, कण नव्हे. रहाटाची उपमाही इथवरच चालते. लोटी पाणी भरून आणते, तसा इलेक्ट्रॉन ऊर्जेचे गाठोडे डोक्यावर घेऊन येत नाही. हे सांगितले नाही तर एक गैरसमज काढताना दुसरा पेरला जातो.

चुंबकाची कथा आणखी मजेशीर आहे. उत्तर ध्रुव म्हणजे धन आणि दक्षिण ध्रुव म्हणजे ऋण, असे समीकरण पुष्कळ डोक्यांत पक्के बसलेले असते. दोन्हीकडे सजातीय दूर आणि विजातीय जवळ असा नियम आहे, म्हणून दोन्ही एकच वाटतात. केसांवर घासलेला कंगवा चुंबकाजवळ नेला तर तो एका टोकाकडे ओढला जाईल आणि दुसऱ्यापासून दूर जाईल, असे एका मेळाव्यात बहुतेकांनी लिहून दिले. करून पाहायचे ठरले तर प्रयोग होईना. जुलै महिना, समुद्राकाठची दमट हवा, कंगव्यावर भार टिकेना. स्थिरविद्युतचे पुस्तकातले प्रयोग कोकणात वर्षातले निम्मे महिने जमत नाहीत, आणि मग "असे असे होते असे समजा" यावर धडा संपतो. समजुतींना मोकळे रान मिळते ते इथे. डिसेंबरातल्या कोरड्या सकाळी तोच प्रयोग पुन्हा केला. दोऱ्याने टांगलेला कंगवा चुंबकाच्या दोन्ही टोकांकडे सारखाच ओढला गेला, आणि जवळ धरलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्याकडेही तसाच. कंगव्याच्या दृष्टीने चुंबक म्हणजे धातूचा एक तुकडा, एवढेच. स्थिर भाराला स्थिर चुंबक ओळख देत नाही. भार वाहू लागला की मात्र दोघांचे नाते उघड होते. कोपनहेगनच्या ओर्स्टेडने १८२० साली तारेतून धारा सोडली आणि जवळची चुंबकसूची वळलेली पाहिली, तेव्हा ते जगाला कळले. सूची तारेकडे ओढली गेली नाही की दूर ढकलली गेली नाही, ती आडवी वळली. ओढणे आणि ढकलणे यापलीकडचे बल कोणी पाहिलेच नव्हते. म्हणून आजच्या शिक्षकाला तिथे अडखळायला होते यात नवल नाही.

हे आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या सारंगांना आणि तांडेलांना वेगळ्या वाटेने ठाऊक होते. होकायंत्राला ते कुतुबनुमा म्हणत, कुतुब म्हणजे ध्रुव, तो दाखवणारा. कुतुबनुम्याजवळ सुरी, कुलूप, लोखंडी डबा ठेवू देत नसत. बोटीवर बत्तीची वायर त्याच्या शेजारून न्यायची तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून नेत. पीळ का घालायचा हे त्यांना सांगता येत नसे, पण दोन उलट्या धारांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात हे त्यांच्या हाताला माहीत होते. वर्गात हाताच्या अंगठ्याचा नियम घोकणाऱ्या त्यांच्या नातवाला ते माहीत नव्हते. आजोबा आणि नातू एकाच ओटीवर बसत, तरी हे बोलणे त्यांच्यात कधी झाले नाही.

कुतुबनुम्यावरून किब्ल्याच्या यंत्राकडे यावे लागते. हजहून येताना कोणी ना कोणी ते आणतोच. एका चाचांनी मोठ्या विश्वासाने आम्हाला सांगितले, की याची सुई थेट काब्याकडे वळते. शेजारी बसलेल्या एका शाळामास्तरांनी मान डोलावली. आम्ही म्हटले, "चाचा, सुई उत्तरेकडेच वळते. सोबतच्या पुस्तिकेत गावाचा आकडा असतो, त्यावरून किब्ला काढायचा." जयगडहून किब्ला थेट पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १३ अंशांवर आहे. हा हिशेब गोलावरच्या भूमितीचा आहे, चुंबकाचा त्यात काही संबंध नाही. चुंबक फक्त उत्तर दाखवतो, तीही पृथ्वीच्या चुंबकाची उत्तर, जी आपल्या किनाऱ्यावर खऱ्या उत्तरेशी जवळजवळ जुळते. चाचांनी पुस्तिका उघडून आकडा पाहिला आणि यंत्र लोखंडी कपाटापासून दूर नेऊन ठेवले. आता मोबाइलवर किब्ला पाहतात. मोबाइलमध्येही बारीक चुंबकमापक असतो, आणि झाकणात चुंबक असलेले पाकीट घातले की तोही भरकटतो. हे एकदा कळले की माणूस यंत्राला दोष न देता पाकीट काढतो.

वीज आणि चुंबक यांचे नाते किती खरे आहे, याचा एक दाखला आपल्या कोकणातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. १८५९ सालचे प्रसिद्ध चुंबकीय वादळ तिथे नोंदले गेले. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. त्या ट्रामची धारा रुळांतून आणि जमिनीतून परतणार आणि नाजूक सूच्या बिघडवणार, हे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखले. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामासाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड तपासून आणला, खिळे-बिजागऱ्यांना लोखंडाऐवजी तांबे-पितळ वापरले. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी करून आकडे जुळवून घेतले आणि मग १९०७ साली विजेची ट्राम धावली. अलिबागला शाळेच्या सहली जातात त्या किल्ला आणि समुद्र पाहून परततात. याच गावाला विजेपासून दूर नेऊन चुंबक जपला गेला, हे मुलांना कोणी सांगताना आम्ही ऐकले नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे खरे असले तरी त्यावाचून अडते कोणाचे? मुले पास होतात, नोकरीला लागतात. अडते, आणि कधीकधी फार महागात पडते. आमच्याकडची कितीतरी मुले दहावीनंतर वायरमन होऊन आखातात जातात किंवा इथेच मंडपाची रोषणाई करतात. सेलमधून ठरलेलीच धारा निघते आणि ती सगळ्यांत वाटली जाते, असे ज्याच्या मनात बसले आहे तो लग्नाच्या मंडपात एकाच बोर्डावर दिव्यांच्या माळा, पंखे, पाण्याची मोटर आणि बिर्याणीच्या तंबूतला फ्रीज निर्धास्तपणे जोडतो. त्याचा हिशेब असा, की जेवढी उपकरणे जास्त तेवढी प्रत्येकाच्या वाट्याची वीज कमी, मग धोका कसला? प्रत्यक्षात प्रत्येक नवे उपकरण आपली धारा नव्याने घेते, मूळ वायरमधली धारा वाढत जाते, वायर तापते, वरचे प्लास्टिक वितळते. आगीचे कारण पुढे "शॉर्ट सर्किट" असे लिहिले जाते. त्या आगीचे एक कारण नववीच्या वर्गातही असते, त्याची नोंद होत नाही.

फ्यूजचेही तसेच. फ्यूज माणसाला वाचवतो असे सांगणारे शिक्षक आम्हाला भेटले. घरातला फ्यूज पाच किंवा सोळा अँपिअरला तुटतो, माणसाचे हृदय बंद पाडायला एका अँपिअरचा विसावा भागही पुरे होतो. फ्यूज वायरीला वाचवतो. माणसासाठी वेगळे यंत्र असते, जाणारी आणि येणारी धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते वीज तोडते. जेवढी गेली तेवढी परत आलीच पाहिजे, हा त्या यंत्राचा सगळा पाया. धारा बल्बात संपते असे ज्याला वाटते त्याला हे यंत्र कधीच कळणार नाही, आणि ते वारंवार पडते म्हणून तो काढून टाकील.

अर्थिंगबद्दलही हीच समजूत, की वीज जमिनीत जाऊन विरते. ती विरत नाही. गावाच्या ट्रान्सफॉर्मरपाशी एक टोक जमिनीत पुरलेले असते, जमिनीतून तिथवर जाऊन मंडल पूर्ण होते. आपल्या जांभ्याच्या जमिनीचा ओलावा मे महिन्यात आटला की ही वाट अडते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचे असते. ज्याला वाट दिसते तो पाणी घालतो. ज्याला जमीन म्हणजे विजेची कबर वाटते तो घालत नाही.

एका मेळाव्यानंतरची गोष्ट सांगितली पाहिजे. निवृत्तीला एक वर्ष राहिलेले एक शिक्षक सगळे निघून गेल्यावर थांबले. दोन्ही बल्ब त्यांनी पुन्हा जोडले, अदलाबदल केली, अमीटर इकडून तिकडे लावून पाहिला. मग म्हणाले, "तीस वर्षे मी सांगत आलो की पहिला बल्ब जास्त उजळतो. एका मुलीने विचारले होते, सर, करंट संपतो तर परत जाणारी वायर कशाला? मी तिला खाली बसवले." आम्ही म्हटले, "सर, तुम्हालाही कोणीतरी तसेच शिकवले असेल." ते म्हणाले, "हो, पण मला खाली बसवणारा मीच एकटा नव्हतो, तिला बसवणारा मी एकटा होतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीच्या वर्गात दोन बल्ब नेले, आधीचे वाक्य चुकीचे होते असे सरळ सांगितले आणि मुलांनाच जोडणी करायला लावली. त्या वर्षी त्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्यांचे हात फार वर येऊ लागले, असे त्यांनीच नंतर कळवले. ती मुलगी शाळा सोडून कधीच सासरी गेली होती.

आमचा रोख शिक्षकांवर नाही. आपल्या समाजात आधीच विज्ञान शाखेला जाणारी मुले थोडी, त्यात मुली आणखी थोड्या. त्यांना जो मास्तर भेटतो तोही त्याच्या मास्तराकडून ऐकलेलेच सांगतो. त्याच्या हाती वही देऊन परीक्षा घेण्यापेक्षा सेल, बल्ब आणि वायर दिली तर त्याला स्वतःलाच मौज वाटते, हे आम्ही पुन्हापुन्हा पाहिले आहे. खर्च शंभर रुपयांच्या आतला. प्रयोगाआधी प्रत्येकाने काय होईल ते कागदावर लिहायचे, मग करून पाहायचे, मग फरक का पडला यावर बोलायचे, एवढीच पद्धत. लिहिल्याशिवाय प्रयोग केला तर "मला आधीच माहीत होते" असे सगळेच म्हणतात.

जमातीच्या सभागृहात सुट्टीच्या दिवसांत मुलांसाठी शिकवणीचे वर्ग चालतात. गणित आणि इंग्रजी तिथे असतेच. आठवड्यातला एक तास या कामाला दिला, मुलाच्या पुस्तकातला शब्द, मुलीच्या पुस्तकातला शब्द आणि बापाच्या तोंडचा शब्द एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहिला, आणि सुट्टीवर आलेल्या एखाद्या वायरमनला मास्तरांच्या शेजारी उभे केले, तर बरेच काम होईल. वायरमनला हात येतो, मास्तरांना पुस्तक येते. आमच्या गावच्या तारांखालून रोज शाळेत जाणारी मुले दोघांकडूनही शिकतील.